घरचा वाफा

दुपारची भाकरी झाल्यावर हौसाबाई खोपीत पोत्यावर कलंडते. शेजारी शेपूच्या जुड्यांचे दोन ढीग आहेत, मोठा बाजाराचा आणि लहान घरचा. बाजाराच्या वाफ्यांना कारखान्यांच्या नाल्याचं पाणी जातं, घरच्या एका वाफ्याला मात्र विहिरीचं. नाल्याकाठी सगळेच असं करतात, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्यात हौसाबाईची लेक बाळंतपणाला आलेली, रोज शेपू खाते आणि बाळाला पाजते.

डोळा लागतो न लागतो तोच थोरली जाऊ समोर बसलेली दिसते. आक्का गेली ती गेल्या उन्हाळ्यात, पोट धरधरून. आता मात्र पदर खोचून ती जुड्या सोडते आहे, दोन्ही ढिगांतला शेपू एकत्र करून पुन्हा बांधते आहे.

"आक्का, मिसळू नका. ह्यो घरचा हाय."

"वळख बघू, कंचा घरचा?"

हौसाबाई वास घेऊन बघते. सारखाच येतो. खोप कुठे गेली कळत नाही, ती विहिरीच्या पायरीवर उभी आहे आणि पाण्यावर नाल्यातलाच जांभळा तवंग आहे.

"हिरीत कसं आलं हे?"

"नाल्याला बांध वर घातलास गं. मातीच्या पोटात कुठं घातलास?"

खालच्या पायरीवर बाळंतिणीची बाज आहे. शेगडी धुमसते आहे, लेक ताटातला शेपू चाटूनपुसून खाते आहे. हौसाबाई आक्काचा दंड धरते.

"आधी सांगायचं हुतं की."

"मला तरी कुठं ठावं हुतं? मी बी घरचंच खात हुते."

फोन वाजतो. हौसाबाई दचकून उठते.

"आई, शेपू आण गं लवकर. बाळ झोपलंय तोवर जेवून घेते."

"आज नुसता दूधभात खा," ती कशीबशी म्हणते. खोपीत आता एकच ढीग आहे, आणि जुडीजुडीला बांधलेल्या केळीच्या सोपटाला, त्या वाळक्या सालीला, दुहेरी गाठ. तशी गाठ आक्काशिवाय कुणी मारत नसे.

बांधाजवळ टेंपो येऊन थांबतो.

"मावशी, भरू का?"

"आज माल न्हाई."

"न्हाई कसा? एवढा ढीग दिसतोय की," म्हणत टेंपोवाला खोपीत वाकतो.

हौसाबाई लुगडं सावरते आणि त्या ढिगावरच बसते.