टायर क्रमांक दोन

झरीच्या पुढच्या वळणावर विलास वरठा याने टायर क्रमांक दोनला दहापैकी चार गुण दिले. महिन्यापूर्वी त्याच वळणावर, तशाच ओल्या रस्त्यावर, त्याच टायरला त्याने आठ दिले होते.

दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. अक्षर त्याचंच, सही त्याचीच. शेरा लिहिण्याच्या रकान्यात पहिल्या कागदावर ‘बिनधास्त’ असा एकच शब्द होता. दुसऱ्यावर लिहिलं होतं : ‘ब्रेक धरला की पुढचं चाक सरकतं. मग उशिरा पकडतं.’

२०१७ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा एका मराठी वाहन-मासिकात होतो. त्याआधी बरीच वर्षं दैनिकात काढली होती. मासिकाने तीन कंपन्यांच्या टूरिंग टायरची तुलना करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. टूरिंग टायर म्हणजे लांबच्या प्रवासासाठी, सामान आणि मागे माणूस धरून बनवलेला टायर. त्याचं रबर टिकायलाही हवं आणि ओल्या डांबराला चिकटायलाही हवं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. कडक रबर टिकतं पण घसरतं, मऊ रबर पकडतं पण लवकर झिजतं. कंपनीचं सगळं कौशल्य या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात असतं.

आम्ही तीन गोष्टी तपासणार होतो. पकड, झीज आणि हाताळणी. हाताळणी म्हणजे, सोप्या भाषेत, बाईक सांगितलेलं ऐकते की नाही.

त्यासाठी एकाच मॉडेलच्या तीन बाईक डहाणूला आणल्या. रस्ता ठरवला तो असा : डहाणूहून नरपड, घोलवड, तिथून झरीमार्गे तलासरी, मग हायवेने चारोटी आणि परत डहाणू. एका फेरीत समुद्राकडची वाळू, बागांमधली अरुंद वळणं, चढ-उतार आणि ट्रकांनी गुळगुळीत केलेला हायवे, सगळं मिळतं. तीन स्थानिक रायडर नेमले. रोज बाईक आपसात बदलायच्या आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या फेरीनंतर, गुण लिहायचे.

कोणता टायर कोणत्या कंपनीचा, हे रायडरला कळू नये म्हणून मी एक खबरदारी घेतली. टायरच्या बाजूवर उठवलेली सगळी अक्षरं काळ्या रंगाने जाड बुजवली आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाने फक्त एक, दोन, तीन लिहिलं. पावसाने रंग उडायचा. म्हणून दर रविवारी पुन्हा हात मारायचो. या व्यवस्थेचा मला थोडा अभिमान होता.

विलासला मी दैनिकाच्या दिवसांपासून ओळखत होतो. तो झरीचा. घरी भातशेती, आणि पहाटे बाईकवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे लादून डहाणूहून तलासरीच्या पूर्वेकडच्या गावांपर्यंत पोचवायचं काम. पावसात, मागे ओझं घेऊन, बारा वर्षं. रस्त्याबद्दल त्याने सांगितलेलं मी कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं.

या कामातून त्याच्यासाठी एक दार उघडलं होतं. पुण्याकडची एक खासगी टेस्टिंग संस्था कायमस्वरूपी टेस्ट रायडर शोधत होती. पदवीची अट नव्हती. तिथले इंजिनिअर पाटणकर यांनी आमच्याकडे विलासचे गुणपत्रक मागितले होते. त्यांना एकच गोष्ट पाहायची होती : सातत्य. टेस्ट रायडर वेगाने चालवतो की नाही, याला फारसं महत्त्व नसतं. त्याच रस्त्यावर त्याच टायरबद्दल तो आज जे सांगतो तेच महिन्याने सांगतो का, याला असतं. त्याचं शरीर हेच मोजमापाचं यंत्र असतं आणि यंत्राने रोज वेगळा आकडा दाखवून चालत नाही.

आणि इथे आठाचे चार झाले होते.

मी संपादकांना फोन केला. मेधा दातार म्हणजे कमी बोलणाऱ्या बाई.

“बाकीच्या दोघांचे गुण?”

“एकाचे सात-सात. दुसऱ्याचे आठ आणि सात.”

“मग प्रश्न कुठे आहे? दोघं एक सांगतायत, तिसरा भरकटलाय. त्याला वगळा.”

“बाकीचे दोघं वळणाआधीच वेग कमी करतात, मॅडम. ब्रेक धरून वळणात शिरणारा विलास एकटाच आहे.”

“म्हणजे तो बरोबर आहे?”

“माहीत नाही.”

“मग माहीत करून घ्या. तोवर मी पानं रोखते. पण जास्त दिवस नाही.”

पहिला अंदाज सोपा होता. वापराने रबर कडक झालं असेल, म्हणून पकड गेली. या अंदाजाला आधारही होता. तिन्ही टायरमध्ये दोनची झीज सगळ्यात एकसारखी दिसत होती. कडक रबर असंच झिजतं. मी तसा मजकूर लिहूनही टाकला : ‘टिकाऊ, पण ओल्या रस्त्यावर सावध.’ वाचायला छान होता.

शनिवारी पाटणकर डहाणूला आले. सोबत रबराचा कडकपणा मोजायचं घड्याळासारखं छोटं यंत्र होतं. सुई रबरावर दाबायची आणि आकडा वाचायचा. त्यांनी तिन्ही टायरवर पाच-पाच ठिकाणी दाबून पाहिलं.

“दोन नंबर कडक नाही,” ते म्हणाले. “उलट तिघांत मऊ हाच आहे.”

माझा मजकूर तिथेच बाद झाला. पण त्याने विलासची बाजू आणखी कमजोर झाली. मऊ रबर, भरपूर नक्षी शिल्लक, हवेचा दाब बरोबर. मग चार गुण कशाचे?

पाटणकरांनी त्याला समोर बसवलं.

“वरठा, आठचे चार कसे झाले?”

“आठवाला टायर आता राहिला नाही, सर.”

“टायर तोच आहे.”

“नंबर तोच आहे.”

“म्हणजे आम्ही टायर बदलला म्हणता?”

“मी कुणाचं नाव नाही घेत. चाक काय करतं ते लिहिलंय. तुम्ही सांगत असाल तर आठ लिहून देतो. पण मग पुढच्या वळणाला तुम्ही चालवा, मी मागे बसतो.”

पाटणकर हसले नाहीत. त्यांनी कागद घडी करून बॅगेत ठेवला. त्या घडीचा अर्थ मला कळत होता, विलासलाही कळला असावा. तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

मी पाटणकरांना एक तास मागितला. दैनिकात शिकलेली एक सवय असते. माहिती देणारा खोटं बोलतोय असं वाटलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, दुसऱ्या वाटेने तीच माहिती मिळते का ते पाहायचं. विलासला स्टेशनजवळ चहाला पाठवलं. तो गेल्यावर आम्ही तिन्ही बाईकची पुढची चाकं काढली आणि आपसात बदलली. दोन नंबरचं चाक तीन नंबरच्या बाईकवर गेलं. पुढच्या चाकांवरच्या आकड्यांवर चिकटपट्टी लावली; बाईक ओळखायला मागच्या चाकावरचे आकडे तसेच ठेवले. मग त्याला बोलावलं आणि एवढंच सांगितलं की तिन्ही बाईक चालव, गुण दे.

नरपडच्या रस्त्यावर एक उतार आणि पुढे लगेच वळण आहे. सकाळी पाऊस झाला होता, रस्ता ओला होता. तिथे आम्ही त्याला प्रत्येक बाईकवर तीनदा सोडलं, क्रम उलटसुलट करून. पाटणकर वळणावर छत्री घेऊन उभे होते, मी वही घेऊन.

नऊ फेऱ्यांनंतर विलासने हेल्मेट काढलं.

“सर, तीन नंबरला पण तोच रोग लागला.”

“दोन नंबरला?”

“तो बरा झाला आज. आठ द्या त्याला.”

मी वही पाटणकरांपुढे धरली. तीन नंबरच्या बाईकला तिन्ही वेळा चार. पुढचं चाक जिथे गेलं, तिथे दोष गेला होता. त्यांनी वही दोनदा वाचली.

“यंत्र ठीक आहे,” ते म्हणाले. “आता टायर बघू.”

टायरला काय झालं होतं, हे बघून कळेना. म्हणून मी नोंदवही काढली. प्रत्येक बाईकची रोजची नोंद त्यात असे : किती किलोमीटर, पेट्रोल, हवा, दुरुस्ती. विलासच्या आठ आणि चारच्या मधल्या महिन्यात दोन नंबरच्या बाईकवर एकच दुरुस्ती होती. ‘पुढचं चाक पंक्चर, तलासरी. ट्यूब बदलली.’ त्या दिवशी बाईक दुसऱ्या रायडरकडे होती. फोन केला तर तो म्हणाला, नरेशभाईकडे टाकली आणि आपण जेवायला गेलो.

नरेशभाईचं दुकान तलासरीला हायवेला लागून आहे. मुख्य गिऱ्हाईक ट्रकवाले. आम्ही तिघं पोचलो तेव्हा ते एका ट्रकच्या चाकावर बसून फोनवर गुजरातीत कुणाला तरी झापत होते. फोन ठेवून त्यांनी आमच्या चाकाकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं.

“हा दोन नंबर ना? मीच केलेला. परत पंक्चर?”

“नाही. पंक्चर काढताना आणखी काही केलंत का?”

“केलं ना. फिरवून लावला.”

“फिरवून म्हणजे?”

“अरे सायेब, एका साइडने दात पडले होते. हात फिरवा, करवतीसारखं लागतं. टायर बाहेर काढलाच होता, तर उलटा करून बसवला. आता बघा, कसा सरखा झालाय. त्याचा वेगळा पैसा पण नाय घेतला.”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. पुढच्या चाकावर ब्रेकचा जोर एकाच दिशेने येतो. त्यामुळे नक्षीच्या ठोकळ्यांची एक कड जास्त झिजते आणि हात फिरवला तर दात लागतात. टायर काढून उलट्या दिशेने बसवला की दुसरी कड झिजते आणि दात जातात. हायवेवरचे ट्रकवाले टायर अर्धा झिजला की असा फिरवून घेतात, आणि नरेशभाई न सांगता करून देतात. त्यांच्या दुकानाला गिऱ्हाईक धरून आहे ते अशा कामांमुळे. पण आमच्या टायरची नक्षी ठरावीक दिशेने फिरण्यासाठी कापलेली होती. तिच्या तिरक्या खाचा पाणी बाहेर फेकतात. उलटा लावला की त्याच खाचा पाणी मध्ये ओढतात.

पाटणकर म्हणाले, “अशा टायरवर बाण असतो. कोणत्या दिशेने फिरवायचा ते दाखवणारा. तुम्ही पाहिला नाही?”

नरेशभाई माझ्याकडे बघायला लागले.

“बाण? कुठे आहे बाण? सगळा डांबरासारखा काळा करून ठेवलाय. एवढा नटवलाय, मला वाटलं, यांना टायरचं लगीन लावायचंय.”

विलास तोंड फिरवून हसला. मी पेट्रोलचा बोळा मागितला. बाजू घासल्यावर आधी कंपनीचं नाव दिसलं, मग माप, आणि मग बाण. बाण मागे दाखवत होता.

तुलना निष्पक्ष व्हावी म्हणून मी जो रंग फासत होतो, त्याखाली तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण गेली होती. नाव झाकायला दोन बोटांएवढा रंग पुरला असता. मी अख्खी बाजू झाकली, आणि तीही दर रविवारी, न चुकता.

नरेशभाईंनी टायर काढून सरळ बसवला. परतीच्या वाटेवर विलासने बाईक घेतली, आम्ही मागून गाडीत. झरीच्या पुढच्या वळणावर पाणी साचलं होतं. त्याने ब्रेक धरला, बाईक वाकवली आणि निघून गेला. घोलवडला थांबल्यावर पाटणकरांनी काच खाली केली.

“किती?”

“साडेसात.”

“आठ का नाही?”

“थोडे उलटे दात पडलेत ना. आठ तेव्हा होते.”

पाटणकरांनी बॅगेतला घडी केलेला कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि त्यावर पेनाने काहीतरी लिहिलं.

पुढचं कामाचं होतं. दोन नंबरच्या झिजेचे आकडे आम्ही बाद केले, कारण ते दोन दिशांचे होते. त्या कंपनीला तसं लेखी कळवलं. नवा टायर लावून ती चाचणी पुन्हा केली, त्यामुळे लेख दोन अंक उशिरा आला. चूक छापायची की नाही, असं मी मेधा मॅडमना विचारलं.

“चौकटीत,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच पानावर. आणि खाली तुमचं नाव राहील.”

चौकट छापून आली. तिच्यावर जितकी पत्रं आली, तितकी मुख्य लेखावर आली नाहीत. बरीचशी पत्रं आपला टायर उलटा निघाल्याचं सांगणारी होती.

दिवाळीनंतर विलास पुण्याकडे रुजू झाला. सहा महिन्यांनी त्यांच्या संस्थेचा एक अहवाल माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. त्यात गुणांच्या तक्त्याआधी एक नवा रकाना होता : ‘फिरण्याची दिशा चालवणाऱ्याने स्वतः पाहिली का?’ पाटणकरांना विचारलं, हा रकाना कधीपासून. ते म्हणाले, वरठा आल्यापासून. रकाना भरलेला नसेल तर तो बाईकला किल्ली लावत नाही.