दहा बाय बाराची वेबसाइट

शुभदाताई परब कुठल्याही वेबसाइटचं काम कात्रीने सुरू करायच्या. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात सगळे स्क्रीनला डोळे लावून बसलेले आणि या बाई फोनच्या मापाचे कागद कापत बसायच्या. त्या कागदावर मावेल ते आधी, बाकीचं खाली. मोठ्या स्क्रीनचा विचार सगळ्यात शेवटी. मला सुरुवातीला हा निव्वळ टाइमपास वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"मेल्या, मी नायगावच्या चाळीत वाढले," त्या म्हणाल्या. "दहा बाय बाराची खोली. गाद्या गुंडाळल्या की तेच स्वयंपाकघर, तीच अभ्यासाची जागा. आधी तिथे संसार मांडून दाखव. पुढे हॉल मिळाला तर पसरायला काय अक्कल लागते?"

त्यांचं शेवटचं काम पेशंटसाठी पलंग नि ऑक्सिजन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचं होतं. तोवर ताईंना कॅन्सर झाल्याचं आम्हाला कळलं होतं. केमो झाली की जरा उभं राहता येताच डोक्याला स्कार्फ बांधून बाई हजर. रजा घ्या म्हटलं की खेकसायच्या. ही साइट त्यांना स्वतःच्या हाताने पुरी करायची होती.

कंपनीच्या मालकांना साइट उघडताच शोरूमचा व्हिडिओ दिसायला हवा होता, ताईंना फोन नंबर. मीटिंगमध्ये त्यांनी मालकांच्या मनासारखं पान आपल्या फोनवर उघडून त्यांच्या हातात दिलं.

"डाव्या हाताने माझा दंड धरा. मी तुमची आई, मला चक्कर येतेय. आता नंबर शोधा."

मालकांचा अंगठा व्हिडिओवरून खाली सरकत राहिला. मग त्यांची नजर हातातल्या दंडाकडे गेली. अगदी काडी झाला होता तो.

"नंबर वर घ्या," ते हळूच म्हणाले.

साइट सुरू झाली तेव्हा ताई घरी झोपून होत्या. मी जाऊन दाखवली. "बरी झालीय," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढंही फार होतं.

श्रावणात त्या गेल्या. माणसाने इतक्या घाईने जावं का, याचा मला अजून राग येतो. बारावं झाल्यावर त्यांच्या यजमानांना भेटायला गेलो. खिडकीखालची जागा रिकामी होती.

"तिचा पलंग होता इथे, भाड्याचा," ते म्हणाले. "परत न्या म्हणून सांगायचं होतं. तिचीच वेबसाइट उघडली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं रे, तरी नंबर लगेच सापडला."