गडासाठी नेलेली घोंगडी

खारेपाटणहून निघालेला आमचा पडाव (मोठी होडी) खाडीच्या शेवटच्या वळणावर आला आणि विजयदुर्गाचे बुरूज समोर दिसले. माझे वडील, आबा, ताडकन उभे राहिले. "बसा की आबा, पडाल!" मी ओरडलो. पण ऐकतो कोण!

आम्ही सांगोल्याकडचे धनगर. मी सोलापुरात मास्तर झालो, तरी आबांची मेंढरे सुटली नव्हती. आमचा एक पूर्वज म्हणे या गडावर पहाऱ्याला होता. त्याच्या नावाने दर पिढीने एक घोंगडी गडावर पोचवायची, हा घराण्याचा नेम. आजोबांच्या हातून ते राहून गेले, म्हणून आबांच्या जिवाला घोर लागला होता. या घोंगडीची लोकर आईने स्वतः कातली होती. छोट्या रेल्वेने मिरज, मग कोल्हापूर, पुढे घाटातून मोटारीने हाडे खिळखिळी करून घेत आम्ही आलो होतो.

ओहोटी होती. गडाखाली वाळू मोकळी पडलेली. आबांनी गाठोडे तिथेच ठेवले.

"आदी कुणाच्या हातात द्यायची ते बगू. माण नदीच्या वाळूतनं गाठोडं कदी कुटं गेलंय व्हय?"

मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. उन्हाळभर कोरड्या नदीत गाड्या सोडणारी माणसे आम्ही!

वर तटामागे तट, असे तीन. मराठ्यांची गलबते या गडाआड खाडीत कशी निर्धास्त राहत, पुढे इंग्रज आले आणि ते आरमार इथेच कसे जळाले, हे आमच्याबरोबर गडावर चढून आलेला पडावाचा नावाडी सांगत होता. बुरुजावर गुडघाभर गवत माजले होते.

"मग आता राखणीला हितं कोण?" आबांनी विचारले.

"कोण नाय, आबानू." एवढे बोलून त्याने खाली पाहिले आणि दचकला. "अरे, भरती इली! (भरती आली!)"

वाळू कुठेच नव्हती. गाठोडे पाण्याबरोबर खाडीत आतवर वाहत होते. नावाडी धावला, पण होडी सुटेपर्यंत ते दिसेनासे झाले.

"माज्याच हातानं घालवली की रे!" म्हणत आबा हमसून रडले. नावाड्याने घरी नेऊन गरम पेज (पातळ भात) आणि मासे वाढले. आबांनी घास घेतला नाही. आज ते नाहीत, पण विजयदुर्गाचे नाव निघाले की मला ते भरले ताट आठवते.

घरी येताच आईने विचारले, "कुणाला दिली?"

आबांनी काही लपवले नाही. आई लोकरीची पाटी पुढे ओढत म्हणाली, "परत कातते. तुमी फकस्त पाण्यापासनं लांब बसा!"

थंडी पडायच्या आत दुसरी घोंगडी तयार झाली. नेमाप्रमाणे आई ती गडासाठी पेटीत ठेवू लागली, तर आबांनी काढून घेतली आणि अंगावर पांघरली.

"गडावर कोण न्हाय गं," ते म्हणाले, आणि काठी घेऊन मेंढरांच्या राखणीला गेले.