लगाम सोडा, बाई

बारातीभाऊ आयुष्यात एकदाही घोड्यावर बसले नाहीत. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस, पण बूड कधी खोगिराला लागलं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, थट्टा करताहेत. "भाऊ, खरंच कधी बसावंसं वाटलं नाही?" तर म्हणाले, "बसून काय दिसते बाई? मानच दिसते. खाली चाललं म्हणजे पुरा घोडा दिसते." आणि घोडीच्या डाव्या अंगाने, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत चालू लागले.

चंद्रपुरात एका बँडवाल्याकडे ते वरातीची घोडी धरायचे. किती नवरदेव मांडवात नेऊन पोचवले याचा हिशेब नाही, स्वतः मात्र बिनलग्नाचे राहिले. म्हणून अख्खा मोहल्ला त्यांना बारातीभाऊ म्हणायचा, आणि मीही तेच म्हणत राहिले. खरं नाव विचारावं असं मला कधी सुचलं नाही. लाज वाटावी अशी ही पहिली गोष्ट. पुढच्या मानाने ती फारच लहान आहे.

मी दातांची डॉक्टर. भाऊ माझ्या दवाखान्यात आले ते सुजलेला गाल धरून, आणि खुर्चीत बसायलाच तयार नाहीत. "उभ्यानंच काढा ना." मी म्हटलं, "भाऊ, ही खुर्ची आहे, घोडा नाही." कसेबसे टेकले. तोंड उघडलं तर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने आतली पार वाट लागलेली. पण मला आला तो त्यांच्या दुपट्ट्याचा वास. घोड्याचा वास! नागपूरला शिकताना मी दोन वर्षं रोज पहाटे घोडेस्वारी केली होती, त्या वासावर माझा जीव. मी दाढ सोडून घोड्याचीच चौकशी करत बसले. तेव्हा कळलं, बँडवाल्याने नवरदेवासाठी झुंबर लावलेली गाडी आणलीय आणि राणी नावाच्या पांढऱ्या घोडीला आता तो बाजार दाखवणार आहे. भाऊंनी तोंडातला कापूस काढला. "तुमी घेता का तिले? माही दाढ राहू द्या."

घेतली मी. पोंभुर्ण्याकडे मामाचं शेत आहे, तिथे ठेवली. मामा म्हणाला, "वाघाला फराळ आणलास होय गं?" राणीच्या मागोमाग भाऊही आले, जणू तिच्याच दोराला बांधलेले. मी कोणाला येऊन राहा म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून गोठ्याशेजारच्या खोलीत त्यांची वळकटी पडली ती पडलीच.

त्यांची एक सवय होती. नव्या रस्त्याने घोडी न्यायची तर आधी ते स्वतः चपला काढून तो रस्ता चालायचे. वरातीतली सवय. कुठे तार खाली लोंबतेय, कुठे गटाराला झाकण नाही, हे आधी पाहून ठेवायचं. "माह्या पायाले कळलं म्हणजे तिले कळलं." बायाबापड्या हसायच्या, मीही हसायचे. पण त्यांनी चाललेल्या वाटेवर राणी कधी अडखळली नाही, हेही खरं.

राणीचा सगळा घोळ पाण्याशी होता. एका वरातीत ऐनवेळी रस्ता बदलला आणि भाऊंनी न चाललेल्या गल्लीत तिचा पाय उघड्या गटारात गेला होता, तेव्हापासून चमकणारं पाणी दिसलं की चारही पाय रोवून उभी. मामाच्या शेतातल्या नाल्यावर मी एकदा पंधरा मिनिटं टाचा मारल्या, ओरडले, रडकुंडीला आले. भाऊ पलीकडच्या काठावर खर्रा घोटत बसलेले. शेवटी म्हणाले, "लगाम सोडा, बाई. तिले वास घेऊ द्या. तुमी धरून राह्यल्या म्हणून तिले वाटते, पुढं काही आहे." मी सोडला. राणीने मान खाली घातली, पाणी हुंगलं, एकदा फुर्र केलं आणि सरळ पलीकडे. "पाहा! घाई तुमालेच होती," भाऊ म्हणाले.

दुसरा घोळ वाजंत्रीचा. ढोल वाजला की राणी नाचायची. गुडघे उचलून, मान वाकवून, असं नाचायची की पाहत राहावं. ते विसरायला लावण्यात आमचे सहा महिने गेले. भाऊ डबा वाजवायचे, आणि राणी स्थिर राहिली की गुळाचा खडा द्यायचे. चाळीस वर्षं जे शिकवलं तेच मोडत होते बिचारे, माझ्या हौसेपायी. कारण मला इव्हेंटिंगच्या स्पर्धेत उतरायचं होतं.

ही स्पर्धा म्हणजे एकाच घोड्यावर, एका दिवसात तीन परीक्षा. सकाळी आखलेल्या चौकोनात घोडा ठरलेल्या चालीने, शिस्तीत फिरवून दाखवायचा. मग रंगीत दांड्यांवरून उड्या. आणि शेवटी मोकळ्या रानात ओंडके, चर, पाण्याचा खड्डा, सगळं ओलांडत धावायचं. आमच्या भागात असलं काही कधी झालं नव्हतं. त्या वर्षी एका क्लबाने चंद्रपूर-मूल रस्त्यालगतच्या माळावर हौशी स्वारांसाठी ती ठेवली. बाहेरगावचे लोक आले. तकतकीत बूट, तकतकीत घोडे, आणि एकमेकांशी बोलताना पहिला प्रश्न, "तुमची घोडी कुठल्या वंशाची?"

मी काय सांगितलं? राजस्थानहून आणली म्हणून सांगितलं. अर्जात तिचं नाव लिहिलं सिल्व्हर मून. भाऊंना नवी टोपी आणली, गळ्यात क्लबाचं ओळखपत्र अडकवलं आणि बजावलं, "इथे तिला राणी म्हणायचं नाही."

"मंग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका."

"बरं," ते म्हणाले. पहाटे उठून धावायची अख्खी वाट अनवाणी चालून आले होते. पायांना काटे लागले होते. पाण्याच्या खड्ड्याबद्दल काही सांगायला लागले, तर मी म्हटलं, "नंतर, भाऊ, नंतर." कोणी आम्हाला पाहतंय का, इकडे माझं लक्ष.

चौकोनात राणी छान चालत होती, खोटं कशाला बोलू. पण परीक्षकांसाठी जो मांडव घातला होता तो गावातल्याच मंडपवाल्याचा. गुलाबी झालर, दाराशी झेंडूची तोरणं. आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून एक वरात निघाली. ढोल, ताशा, सगळं. राणीचे कान उभे राहिले. मग तिने गुडघे उचलले! मी लगाम खेचतेय, ती नाचतेय. नाचत नाचत थेट मांडवाच्या दाराशी गेली आणि मान वाकवून उभी राहिली, नवरदेव उतरायची वाट पाहत. सगळा माळ हसत होता. एक मुलगी ओरडली, "अगं, हिचं लग्न लागायचंय वाटतं!"

आज आठवलं तर मलाही हसू येतं. त्या वेळी मीही हसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. हसून म्हणायचं होतं, होय हो, वरातीचीच आहे. चूक कुठे होती त्यात? पण क्लबाचे एक साहेब मांडवातून बाहेर आले आणि विचारते झाले, "मॅडम, ही वरातीची घोडी आहे का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "छे! हा माणूस मला न सांगता तिला वरातीत नेत असणार. आमचा नाही तो, आजच्या दिवसापुरता बोलावलाय."

भाऊ चार पावलांवर उभे होते, हातात राणीची झूल. साहेबांनी त्यांच्याकडे वळून दरडावलं, "काय रे, नेतोस का?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी काय बोलते याची त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मी राणीच्या आयाळीत बोटं घालून गुंता सोडवत बसले. मग ते म्हणाले, "हो साहेब. नेली होती. चूक माहीच आहे." साहेबांनी त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि त्यांना दोरीबाहेर, बघ्यांत पाठवलं.

चौकोनाचे गुण गेले, पण हौशांची स्पर्धा म्हणून मला पुढे जाऊ दिलं. उड्या कशाबशा झाल्या. मग रान. ओंडके पार, चर पार, आणि पाण्याचा खड्डा. राणीने पाय रोवले. एक नकार. वळवून आणली, टाच मारली, पुन्हा तेच. दोन. तिसऱ्या नकाराला घोडा बाद. मी छडी उचलली, राणीला कधी न दाखवलेली छडी, आणि तेवढ्यात समोर दोरीपलीकडे भाऊ दिसले. बाहेरून कोणी आवाज दिला तरी स्वार बाद होतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. ते दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबून उभे होते. डोळे राणीवर, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलेलं. इतकं करून ते माझी स्पर्धा सांभाळत होते!

मी राणीला वळवून पुन्हा पाण्याकडे आणलं. चालत, हळू. आणि लगाम सोडला. तिने चालता चालताच मान खाली घातली, हुंगलं, फुर्र केलं आणि आत उतरली. आम्ही ती वाट पूर्ण केली. नंबर आला नाही, पण शेवटच्या निशाणापाशी टाळ्या पडल्या. सकाळी हसलेलीच मंडळी जवळ आली. कोणीतरी विचारलं, "पाण्याशी किती शहाणपणाने घेतलंत! कोणी शिकवलं हिला?"

"मीच," मी म्हटलं.

भाऊ दोरीपलीकडे बादली घेऊन उभे होते. आत यायची परवानगी नव्हती म्हणून बादली दोरीखालून सरकवली. "घाम वाळू द्या, मंग पाजा," एवढंच बोलले. त्यांनी ऐकलं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ऐकलं असणारच. पाच हातांवर तर होते.

संध्याकाळी भाऊंनी राणीला शेतावर आणून बांधलं, वैरण टाकली, पायांना तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी वळकटी काखेत मारून म्हणाले, "जातो बाई. बहिणीकडं. आता मले चालणं होत नाई." काल अनवाणी अख्खं रान चाललेला माणूस! मी "बरं" म्हटलं. थांबा म्हटलं नाही, माफ करा म्हटलं नाही. टोपी नीट घडी करून खोगिरावर ठेवून गेले.

दोन वर्षं मी मनाला सांगत राहिले, जाऊ, भेटू, बोलू. दवाखाना, शिबिरं, अमकं, तमकं. मार्कंड्याच्या जत्रेला गेले तेव्हा वैनगंगेकाठचं त्यांच्या बहिणीचं गाव जवळच होतं. विचारत विचारत घर गाठलं. त्यांची बहीण दारात धान पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाली, "भाऊ तर गेला ना बाई. पोळ्याच्या आधी."

तिने मला बाजेवर बसवलं, चहा ठेवला. आणि मग माझ्यासमोर हात जोडले.

"त्याले माफ करा बाई. तो सांगे मले. म्हणे, डॉक्टरबाईनं एवढा भरोसा ठेवला आन् मी न इचारता घोडी वरातीत नेली, म्हणून काम सुटलं. तुमचं नाव खराब केलं म्हणे चारचौघांत. मरेपर्यंत मनाले लावून घेतलं होतं त्यानं. तुमी मोठ्या मनाच्या आहा, माफ करा."

माझी लाज राखायला सांगितलेलं खोटं त्यांनी घरीसुद्धा मोडलं नव्हतं. सख्ख्या बहिणीजवळही नाही. आणि मी काय केलं? आता तरी खरं सांगायचं होतं. तीन वाक्यांचं काम होतं. तिचे जोडलेले हात माझ्यासमोर होते, आणि मी म्हटलं, "असू द्या." तिचं तोंड एकदम उजळलं. "मोठं मन तुमचं," ती म्हणाली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. तो मी प्यायले.

म्हणून इथे लिहितेय. बारातीभाऊंनी राणीला वरातीत नेलं नव्हतं. माझ्याकडे आल्यापासून एकदाही नाही. पाण्यात उतरायला तिला त्यांनी शिकवलं, आणि मलाही. उद्या त्या गावी जाऊन हे त्यांच्या बहिणीला वाचून दाखवणार आहे. उद्या म्हणते खरी, पण मला मी ओळखते. यावेळी राणीला सोबत नेते, तिच्या डाव्या अंगाने, पायी. एवढं चालून गेल्यावर तरी तोंड उघडेल माझं.