शिळं पाणी

मुक्ताला गोजरबाई पहिल्यांदा दिसल्या त्या भांडायला आलेल्या. लग्न होऊन नगरला येऊन तिला आठवडाही झाला नव्हता. सकाळी नळ आला, म्हणून ती कालचा भरलेला हंडा मोरीत पालथा करत होती, तोच दारातून आवाज आला, "ओत, पोरी. माझ्या वाटचं बी ओत."

गोजरबाई गल्लीच्या शेवटच्या घरात राहत. वरची घरं शिळं पाणी फेकून ताजं भरत, तोवर नळ जाई. त्यांच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसे. घरात नवरा, सहादेव, अंथरुणाला खिळलेला. त्याची धुणी रोजची. गोजरबाईंचा केडगावचा भाऊ म्हणे, माझ्याकडे राहायला या, विहीर आहे. पण सहादेवांना आपलं घर सोडायचं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात याच गल्लीत तांब्याभर पाणीही कोणी टाकत नसे. पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि हंडे पुन्हा पालथे पडू लागले. गोजरबाई दारोदार सांगत फिरत. बायका "बरं बरं" म्हणत आणि त्यांची पाठ वळताच ओतत.

मुक्ताच्या सासूबाई, साळूबाई, बाहेर आल्या. "शिळं पाणी देवाला चालतं का, गोजरबाई?"

"देवापुरतं तांब्याभर ताजं घ्या की. आन् धरणातलं पाणी काय आज पहाटे काढलंय? पावसाळ्यापासून साठलंय ते. ते ताजं, आन् तुमच्या हंड्यात एक रात्र निजलं की शिळं?"

मुक्ताला हसू फुटलं. सासूने डोळे वटारले.

"दुष्काळ सरला आता, बाई."

"तुमचा सरला. माझ्या नळाला अजून हाय."

त्यानंतर रोज नळाच्या वेळी गोजरबाई साळूबाईंच्या उंबऱ्यावर येऊन बसू लागल्या. चहा दिला तरी उठेनात. शेवटी एक दिवस साळूबाई वैतागून म्हणाल्या, "मुक्ते, राहू दे तो हंडा. झाक आणि तेच वापर. सकाळी सकाळी या बाईची कटकट नको."

मग गोजरबाई शेजारच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. पटलं म्हणून गल्लीत कोणीच ओतणं थांबवलं नाही. एकेक घर कंटाळून थांबलं. सणावाराला कोणी पुन्हा हंडा उपडा केला, की गोजरबाई दुसऱ्या सकाळी त्या दारात हजर.

भाऊ त्यांना न्यायला बैलगाडी घेऊन आला होता, तो रिकामाच परतला. गोजरबाई अजून त्याच घरात राहतात, आणि सहादेवांची धुणी आपल्याच नळावर धुतात.