औषधवाली मावशी

सोलापूर मिलच्या भोंग्यावर उठायच्या त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुणाच्याच घरी ढेकूण नव्हते. तरी ढेकणांचं औषध मारणारी बाई मात्र घरोघर यायची, मागच्या दारानं, पंप चादरीत गुंडाळून. मिलच्या गोदामात ती हे काम शिकली होती. कुठंही बसण्याआधी ती खुर्ची उलटी करून सांधे बघायची.

ताईला बघायला पाहुणे येणार, म्हणून आईनं तिला बोलावलं. औषध मारून होतंय तोच पाहुणे दारात. आईनं पंप पलंगाखाली सारला.

"ही माझी केम गावची मावसबहीण," आई म्हणाली.

मुलाच्या आईचा चेहरा पडला. मुलाचे काका मात्र खुलले. "वहिनी, या तर तुमच्या कुर्डुवाडीच्या आत्या. मागं तुमच्याकडंच भेटल्या होत्या की."

औषधवालीनंच पदर सावरला.

"माजं गणगोत लई मोटं हाय," ती म्हणाली. "जाईन त्या घरात नातं निघतंय."

लग्न ठरलं. दोन्हीकडची जवळची नातेवाईक म्हणून तिला मांडवात पहिल्या रांगेत मान मिळाला. ती नेमकी कोण, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. पण बसण्याआधी तिनं खुर्ची उलटी केली, आणि अख्खी रांग उठून उभी राहिली.