होळीला गाव आलंच नाही

मोहाच्या फुलांचा वास आला की मेळघाटातली ती दुपार आठवते. परतवाड्याला आमचं भाजीचं दुकान. होळीआधी बाबा जीपभर कांदे-बटाटे घेऊन वर डोंगरात कोरकू आदिवासींच्या एका गावी जायचे, कारण वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं होळीला हमखास घरी परतत. त्या वर्षी मीही सोबत गेले. गावात शिरलो तर बहुतेक दारं बंद, एकाही चुलीचा धूर नाही, आणि समोरच्या डोंगरावर वणवा पेटलेला. एका ओसरीवर म्हातारी आजारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. "सारे कुठी गेले वो माय?" बाबांनी विचारलं. "कोनीच नाही आलं यंदा. भट्टीवरचा मुकादम त्याइले सोडून नाही राहिला म्हनतात," ती म्हणाली. वाऱ्यासोबत राख आमच्या अंगावर पडू लागली. "चाल, जीपमंदी बस. आग इकडंच येऊन राहिली," बाबा तिला म्हणाले. तिनं तापानं फणफणलेलं पोर माझ्या हातात दिलं. "याले दवाखान्यात न्या. मी नाही येत. लेक-सून आले अन् घर रिकामं दिसलं, तं ते कोनाले पुसतीन?" बाबांनी किती विनवलं, पण ती उठली नाही. पोराला घेऊन आम्ही खाली दवाखान्यात आलो. वणवा गावाबाहेरच्या नाल्याशी अडला. ताप उतरल्यावर आम्ही पोर परत नेलं, तेव्हा ती ओसरीवर तशीच बसलेली होती. नातवाला घेण्याआधी तिनं आमच्या जीपमध्ये डोकावून पाहिलं, आणखी कोणी उतरतंय का ते. आता दुकान मी सांभाळते. होळीला आता तिथं कोणी परतत नाही; त्या गावी जीप पाठवणं आम्ही बंद केलंय.